गाभण बकरीची धार कधी थांबवायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज माझा विषय पेलाभर दुधाचा आहे. घरची बकरी गाभण आहे, तीन महिने होऊन गेले आहेत आणि तरीही ती सकाळ-संध्याकाळ मिळून पेलाभर दूध देते आहे. हे दूध काढत राहायचं की थांबवायचं? प्रश्न एवढाच आहे. पण ज्या घरात तो पडतो, त्या घरात पेलाभर दुधाची किंमत मोठी असते. घरातल्या लहान लेकराचं ते दूध असतं, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचा चहा असतो. म्हणून ‘दूध काढू नका’ असा नुसता हुकूम सोडून भागत नाही. का काढायचं नाही, कधीपासून नाही आणि मग लेकराच्या दुधाचं काय, या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

मी मूळचा जानेफळचा. बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारा आमचा भाग. शेत असो-नसो, दारात बकरी बहुतेकांच्या असतेच. पुस्तकात तिला शेळी म्हणतात, आम्ही बकरी म्हणतो. पुढं मी पशुसंवर्धनाच्या कामात आलो, गावोगाव हिंडलो, आता निवृत्त आहे. पण या विषयाचा पहिला धडा मला नोकरीत मिळाला नाही. तो घरच्या ओसरीवर मिळाला आणि चूक माझीच होती.

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आमच्याकडं एक काळी बकरी होती. वडील आजारी होते आणि त्यांना संध्याकाळी दूध द्यायचं असं ठरलं होतं. धार काढायचं काम माझ्याकडं. बकरी गाभण होती, दिवस भरत आले होते, दूध कमी कमी होत चाललं होतं. पण लोटी घेऊन बसलं की चार धारा निघायच्याच. आई म्हणायची, आता सोड तिला. मी म्हणायचो, आज निघतंय तर काढू दे. असं करत करत व्यायच्या आठ दिवस आधीपर्यंत मी तिची धार काढली. बकरी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही अगदी काडीसारखी. कासेत चीक म्हणावा असा आलाच नाही, पातळ पाणचट काहीतरी होतं. दुसऱ्या रात्री एक करडू गेलं. आईनं नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी मात्र गप्प होतो. ते करडू केवळ माझ्या लोटीमुळं गेलं असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. करडं मरायला दहा कारणं असतात. पण पुढं शिकत गेलो तेव्हा त्या दहांतलं एक कारण मला स्पष्ट दिसलं.

ते कारण समजून घेऊ. बकरीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. चार-पाच दिवस इकडं-तिकडं होतात. या पाच महिन्यांत करडू सारख्या गतीनं वाढत नाही. पहिले तीन महिने ते फार लहान असतं. जन्मताना त्याचं जे वजन असतं, त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग शेवटच्या सहा-सात आठवड्यांत भरतो. उस्मानाबादी बकरीला जुळं होणं ही नेहमीची गोष्ट. म्हणजे दोन-दोन, सव्वादोन-सव्वादोन किलोची दोन करडं तिच्या पोटात याच दिवसांत तयार व्हायची असतात. गंमत अशी, की नेमकं याच वेळी गर्भाशयानं पोटातली जागा अडवल्यामुळं तिला चारा कमी खाता येतो. गरज वाढलेली आणि पोटात जागा कमी. अशा वेळी आपणही लोटी घेऊन बसलो, तर ती आपल्याला दूध कुठून देणार? करडांच्या वाट्याचं आणि स्वतःच्या अंगावरचं.

दुसरी गोष्ट कासेची. कासेत दूध तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. एका वेतात त्या झिजतात. दोन वेतांच्या मध्ये कास रिकामी राहिली, तर जुन्या पेशी जाऊन तिथं नव्या येतात. आपण पीक काढल्यावर जमीन नांगरून तापायला सोडतो, तसाच हा प्रकार. ही विश्रांती मिळाली नाही, तर पुढच्या वेताला दूध कमी पडतं. गाईंवर यासंबंधी पुष्कळ अभ्यास झाले आहेत. भाकड काळ न दिलेल्या गाईचं पुढच्या वेताचं दूध पाव हिश्शानं, कधी त्याहूनही जास्त घटल्याचं त्यांत दिसलं. बकरीतही विश्रांती न मिळाल्यास चीक कमी आणि कमी कसाचा येतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट हा चीकच. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची काही शक्ती आईच्या पोटातच मिळते. करडाला तशी मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा या बाबतीत कोरं असतं. त्याला ही शक्ती मिळते ती आईच्या चिकातून, आणि तीही पहिल्या काही तासांत. एक दिवस उलटला की करडाचं आतडं चिकातली ती शक्ती शोषून घेणं जवळजवळ बंद करतं. हा चीक कासेत तयार होतो तो व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत. त्या आठवड्यांत कास मोकळी हवी, तिला सवड हवी. आम्ही आमच्या बकरीला ती दिली नाही.

म्हणून नियम असा, की व्यायच्या सहा ते आठ आठवडे आधी धार थांबवायची. बकरी अशक्त असेल किंवा तिच्या पोटात दोन-तीन करडं असल्याचं कळलं असेल, तर आठ आठवडेच धरावेत. हा नियम अर्धा लिटर देणाऱ्या आपल्या बकरीला जसा लागू आहे, तसाच दिवसाला तीन-चार लिटर देणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सानेन बकरीलाही. तिकडचे मोठे दुग्धव्यावसायिकही गाभण बकरीला साधारण दोन महिने मोकळं सोडतात. त्यांना काही दूध नकोसं झालेलं नसतं, पुढचं वेत हवं असतं.

आता प्रश्न येतो, व्यायची तारीख कशी कळणार? इथंच आपली गाडी अडते. बकरी कधी फळली हे विचारलं, की ‘पोळ्याच्या आगंमागं’ असं उत्तर मिळतं. माझी विनंती आहे, भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा आणि किराण्याचा हिशेब लिहिता, त्यावरच बकरी भरवल्याची तारीख लिहा. समजा, बकरी 1 जुलैला भरवली. त्यानंतर अठरा ते एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आली नाही, तर गाभण असण्याची शक्यता दाट. खात्री हवी असेल तर पशुवैद्यकांकडून सोनोग्राफी करून घेता येते. आता 1 जुलैपासून 150 दिवस मोजले, की येते 28 नोव्हेंबर. त्याच्या आठ आठवडे मागं गेलं, की 3 ऑक्टोबर. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या बकरीची धार थांबली पाहिजे. कॅलेंडरवर त्या तारखेला एक फुली मारून ठेवा. घरात कोणाला विचारायला नको.

धार थांबवायची कशी, हे आता सांगतो. यात चुका फार होतात. 

ठरल्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधी ढेप आणि दाणा कमी करत आणावा. लुसलुशीत हिरवा चाराही आवरता घ्यावा. कडबा, तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार यांवर भर द्यावा. खुराक कमी झाला, की दूध आपोआप उतरतं. पण उपाशी ठेवायचं नाही. बकरी गाभण आहे हे विसरायचं नाही. काही ठिकाणी दूध आटावं म्हणून पाणी तोडतात. ते मुळीच करू नये. ऑक्टोबरच्या उन्हात गाभण जनावराचं पाणी तोडणं हा धोका आहे, उपाय नाही.

शेवटची धार काढण्यापूर्वी एक तपासणी करा. दोन्ही सडांच्या पहिल्या दोन-दोन धारा काळ्या कापडावर काढून पाहा. दुधात गुठळ्या, धागे किंवा पिवळट पाणी दिसलं, तर कासेत रोग आहे. खेड्यात ज्याला दगडी म्हणतात, तो कासदाह. अशी कास तशीच आटवायला घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. धार स्वच्छ असेल, तर कास पूर्ण रिकामी करा, सड धुऊन कोरडे करा आणि लोटी उचलून ठेवा. कासेत रोग वारंवार होणाऱ्या बकरीसाठी सडात सोडायचं औषध असतं. पण ते कोणाला द्यायचं आणि कसं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. अस्वच्छ हातानं सडात नळी घातली, तर रोग आपणच आत पोचवतो.

दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून कमी दूध असेल, तर धार सरळ बंद करता येते. दूध जास्त असेल, तर आठवडाभर दोन वेळांची एक वेळ करावी आणि मग बंद करावी. पण एकदा बंद केली म्हणजे केली. दोन-तीन दिवसांनी कास तटतटते, बकरी ओरडते, घरातल्या माणसाला दया येते आणि तो म्हणतो, थोडं हलकं करून देऊ. नेमकी हीच चूक. कासेत साठून राहिलेलं दूधच नवं दूध तयार होणं थांबवत असतं. भरलेल्या कासेचा तो निरोप असतो, की आता पुरे. तुम्ही थोडं काढलं, की निरोप बदलतो आणि कास पुन्हा कामाला लागते. शिवाय सडाच्या तोंडाशी एक नैसर्गिक बूच तयार होत असतं. रोगजंतूंना ते अडवतं. रोज पिळून पाहिलं, तर ते बूच तयारच होत नाही. साठलेलं दूध बकरीच्या अंगातच हळूहळू जिरतं. दोन आठवड्यांत कास सैल पडते. मोठं झालेलं जुनं करडू जवळ असेल तर त्यालाही वेगळं बांधा, नाहीतर तुम्ही बंद केलेली धार ते चालू ठेवील.

मग लक्ष कशावर ठेवायचं? रोज एकदा कासेवरून हात फिरवा. सड पिळू नका. कास भरलेली आहे पण फार गरम नाही, बकरी चारा खाते, रवंथ करते, तर काळजी नको. एक बाजू गरम, लाल, दगडासारखी कडक झाली, बकरी मागचा पाय टाकेना किंवा तिनं खाणं सोडलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, तो लिहून ठेवा.

कास सैल पडली, की पुढचं काम खुराकाचं. धार थांबली म्हणजे बकरी रिकामी बसली, असा समज करून घेऊ नका. खरं काम तर आता सुरू होतं. बंद केलेला दाणा हळूहळू सुरू करावा. आपल्या तीस-पस्तीस किलोच्या बकरीला शंभर ग्रॅमपासून सुरुवात करून शेवटच्या महिन्यात दोनशे-अडीचशे ग्रॅमपर्यंत न्यावा. एका वेळी ढीगभर न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावा. सोबत सुबाभूळ, शेवरी, बोरीचा पाला आणि डॉक्टर सांगतील तेवढं क्षारमिश्रण. आमच्या भागासाठी एक खास सूचना. याच दिवसांत सोयाबीनची मळणी चालू असते. खळ्यावर किंवा शेतात सांडलेल्या दाण्यांवर बकरी तुटून पडते. एकदम जास्त दाणे पोटात गेले, तर पोट बिघडून जनावर दगावू शकतं. गाभण बकरी खळ्याकडं मोकळी सोडू नका.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत आणखी एक दुखणं डोकावतं. जुळी-तिळी पोटात असलेली बकरी फार वाळलेली किंवा फार चरबीची असेल, तर तिला ते गाठतं. पोटातली करडं साखर ओढून घेतात, बकरीला खाणं पुरत नाही, मग अंगावरची चरबी वितळू लागते आणि रक्तात विषारी पदार्थ साठतात. बकरी कळप सोडून एकटी उभी राहते, दाणा खात नाही, दात खाते, तोल जातो. तिच्या श्वासाला गोडसर, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येतो. अशा वेळी गुळाचं पाणी पाजून वाट बघत बसू नका. तासातासाला महत्त्व असतं, डॉक्टर बोलवा. शेवटच्या महिन्यापर्यंत दूध काढलेल्या बकरीला हा धोका वाढतो, हे आता वेगळं सांगायला नको.

व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी आंत्रविषाराची लस देण्याबद्दल आणि जंताच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. आईला दिलेल्या लशीचा फायदा चिकातून करडांनाही मिळतो. जंताची काही औषधं गाभणपणात चालत नाहीत, म्हणून दुकानातून मनानं आणू नका.

आणि बकरी व्याली, की वार पडायची वाट पाहू नका. वार पडल्याशिवाय करडाला पाजायचं नाही, चीक जड असतो, या समजुती आपल्याकडं अजून आहेत. त्यापायी करडाचे सोन्यासारखे तास वाया जातात. तासाभराच्या आत पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिलिलिटर, तीन-चार वेळा मिळून. खरवस नंतर. आधी करडू.

आता राहिला तो तिसरा प्रश्न, लेकराच्या दुधाचा. नोकरीत असताना एका गावी मी हे सगळं समजावून सांगत होतो. एक म्हातारी बाई ऐकत होत्या. त्यांच्याकडं एकच बकरी होती आणि घरात आईविना वाढणारा तीन वर्षांचा नातू. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचं सारं खरं हाय. पण दोन महिने धार बंद केली, तं या लेकराले काय देऊ? पोटातल्या पिल्लासाठी याले उपाशी ठेवू काय?” माझ्याजवळ तेव्हा पटकन उत्तर नव्हतं. पुस्तकात तो धडा नव्हता.

मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून हिशेब मांडला. बकरी तेव्हा दिवसाला जेमतेम पाव लिटर देत होती. आजच्या बाजारात दुधाचा भाव साठ रुपये लिटर धरला, तर आठ आठवड्यांचं ते दूध होतं चौदा लिटर, म्हणजे 840 रुपये. तेही रोज पुरतं पाव लिटर निघालं तर. एरवी ते दिवसेंदिवस कमीच होणार. दुसऱ्या बाजूला दोन करडं आणि पुढच्या वेताचं चार महिन्यांचं दूध. एक करडू जगून-वाढून विकलं, तरी त्याची किंमत या रकमेच्या कितीतरी पट. बाईंना हिशेब पटला. दोन महिने शेजारच्या घरून पेलाभर दूध उसनं घ्यायचं आणि आपली बकरी व्याली की फेडायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. शेजारीण हो म्हणाली. दुधाची उसनवारी आपल्या गावांना नवी नाही.

पुढं त्यांनी एक पाठ विकली नाही, घरीच वाढवली. माझा सल्लाही हाच आहे. जमत असेल तर एकीच्या दोन बकऱ्या करा आणि दोघींच्या वेतांत चार महिन्यांचं अंतर ठेवा. चांगल्या सांभाळलेल्या बकरीचं एक वेत साधारण आठ महिन्यांनी येतं, दोन वर्षांत तीन वेतं. एक दिवाळीच्या पुढंमागं व्याली आणि दुसरी उन्हाळ्याच्या तोंडी, तर एक भाकड असते तेव्हा दुसरी दुधावर असते. त्यासाठी बकरी माजावर आली की लगेच भरवायची घाई न करता कधी एखादा माज सोडावा लागतो, एवढंच. आणि हो, बकरी फळलेलीच नसेल, दूध देत असेल, तर तिची धार खुशाल चालू ठेवा. हा सगळा नियम गाभण बकरीसाठी आहे.

2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत. त्या पुष्कळशा अशाच घरांत आहेत, जिथं एक-दोन जनावरांवर घराचं अडलं-नडलं भागतं. त्यांचा सांभाळ बहुतेक घरांत बायकाच करतात. म्हणून घरातल्या पुरुषांना एक सांगतो. धार थांबवायची तारीख ठरली, की संध्याकाळच्या चहात दूध का नाही, असं विचारू नका. माझी आई तेव्हा बरोबर होती, आणि लोटी माझ्या हातात होती.

आज घरी बकरी गाभण असेल, तर ती कधी भरवली ते आठवा आणि कॅलेंडरवर फुली मारा. बाकीचं काम ती बकरी करील.